सागाचे दोन पतंग

सप्टेंबर उलटला की विदर्भातला साग करपल्यासारखा दिसू लागतो आणि लागवडधारकांचे फोन सुरू होतात: झाडे वाळली, काय फवारू? आमचे उत्तर ठरलेले आहे. आता काहीही फवारू नका.

ही करणी युटेक्टोना मॅकेरॅलिसची. पतंग लहानसा, पिवळ्या पंखांवर गुलाबी-तांबूस नागमोडी रेघा असलेला. त्याची अळी शिरा सोडून मधला हिरवा गर खाते, म्हणून पानाची जाळी उरते. पण ही पाने जून झालेली असतात आणि लवकरच गळणार असतात. झाडाचे वर्षाचे काम बहुतेक उरकलेले असते.

खरा तोटा होतो तो पावसाच्या तोंडाशी, कोवळी पालवी असताना. हा दुसरा पतंग हायब्लिया प्युएरा. मिटून बसला की राखाडी-तपकिरी, सुक्या पानात हरवणारा; उडाला की मागच्या काळसर पंखांवरचे नारिंगी ठिपके दिसतात. मादी कोवळ्या पानाखाली, शिरेलगत, एकेक सुटे अंडे घालते. थोडी वाढलेली अळी पानाच्या कडेला काप घेते, तो तुकडा दुमडून रेशमी धाग्यांनी टाचते आणि त्या घडीच्या आडोशाने खाते. दहा-बारा दिवसांत मुख्य शिरा तेवढ्या उरतात. मग धाग्यावरून खाली उतरून ती पालापाचोळ्याखाली कोषात जाते आणि आठवडाभरात नवा पतंग तयार होतो. पाने गेलेले झाड सहसा मरत नाही. ते पुन्हा फुटते, पण खोडात साठवायचे ते पानांवर खर्चते. केरळ वन संशोधन संस्थेने नीलांबूरच्या तरुण लागवडींत मोजले, तेव्हा घनफळाच्या वाढीत सुमारे ४४ टक्के घट आढळली.

यातली कोणतीही अळी लाकूड पोखरत नाही. त्यामुळे नागपूरच्या लकडगंजमधल्या आरामशिनीवर हे नुकसान भोक म्हणून दिसत नाही. ते कमी भरलेल्या गोलाईत असते आणि तिथे त्याचा दोष माती-पाण्याला दिला जातो. आमच्या मते लागवडीच्या अंदाजपत्रकातली ही सर्वांत मोठी न लिहिलेली तूट आहे.

म्हणून पाहणी जूनमध्येच सुरू करा. पहिल्या पावसानंतर दर दोन-तीन दिवसांनी शेंड्याकडची कोवळी पाने उलटून पाहा, दुमडलेल्या कडा शोधा. अळी लहान असतानाच उपाय लागू पडतो. केरळच्या संस्थेने तर याच अळीला मारणारा विषाणू फवारणीसाठी विकसित केला आहे. पालवीची आणि पहिल्या अळीची तारीख नोंदवहीत लिहा, गट क्रमांकासह आम्हाला कळवा.