बांधकाम आणि संगणक

घर बांधावयास काढले म्हणजे दिवस लांबतात आणि पैसा पुरत नाही, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. गवंडी हजर होतो तेव्हा चौकटी सुताराकडे अडकलेल्या असतात. चौकटी येतात तोवर गवंडी दुसऱ्या गावी गेलेला असतो. मजुरी मात्र चढतच राहते.

मोठ्या बांधकामांत अशी कामे हजारोंनी असतात. ती डोक्यात ठेवणे कोणाही मुकादमास शक्य नाही. 1957 साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी युनिव्हॅक नावाच्या संगणकावर यासाठी एक रीत बसविली. कोणत्या कामास किती दिवस लागतात आणि ते कोणत्या कामानंतरच सुरू होऊ शकते, हे यंत्रास सांगावयाचे. यंत्र त्यावरून कामांची सर्वांत लांब साखळी शोधून काढते.

आपल्या घराचेच पाहा. पाया, भिंती, स्लॅब, स्लॅबवर निदान 7 दिवस पाणी, मग खालचे आधार काढणे, मग आतला गिलावा, ही झाली साखळी. यांतील एक काम दिवसभर रखडले की सबंध घर दिवसभर रखडते. कुंपण चार दिवस मागे पडले तरी काही बिघडत नाही. तेव्हा जादा मजूर लावावयाचे ते कुंपणावर नव्हेत. (आपल्याकडे बहुधा रिकामा मजूर दिसेल तेथे लावला जातो!) ड्यूपाँच्या लुइव्हिल येथील कारखान्यात दुरुस्तीसाठी काम बंद ठेवण्याचा काळ या रीतीने 125 तासांवरून 93 तासांवर आला.

खर्चाचेही तसेच आहे. निम्मा पैसा संपला हे वही सांगते. निम्मे काम झाले की नाही, हे ती सांगत नाही. संगणक दोन्ही आकडे शेजारी मांडतो. त्यामुळे तूट छपर चढण्यापूर्वीच, हात आवरता येतो तोवर, दिसून येते.

परंतु यंत्र असले म्हणजे सर्व साधते असे नाही. सिडनीच्या ऑपेरा हाऊसच्या छपराचे गणित संगणकावर झाले होते. तरीही आराखडे पुरे होण्यापूर्वीच 1959 साली काम सुरू केले गेले. छपराचा भार पेलण्यास खालचे खांब अपुरे ठरले आणि ते पुन्हा बांधावे लागले. 1963 मध्ये पुरी व्हावयाची ती इमारत 1973 मध्ये उघडली. 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा अंदाज 10 कोटी 20 लाखांवर गेला. जे अजून ठरलेच नाही, त्याचा हिशेब यंत्राने कशावरून द्यावा?

आज हे गणित लॅपटॉपवर होते. लहान घरास तर मोबाईलही पुरतो. कर्ज काढून घर बांधणाऱ्या कुटुंबांस आमचे सांगणे इतकेच, की नकाशा पक्का झाल्यावाचून पाया खणू नये आणि कोणते काम कोणत्या दिवशी सुरू होणार, हे कंत्राटदाराकडून लिहून घ्यावे. मग घरातील शिकत्या मुलाने अथवा मुलीने रोज सायंकाळी सिमेंटची किती पोती फुटली आणि किती मजूर आले, हे मोबाईलवर नोंदवावे. तेही पोती स्वतः मोजून, मुकादमाच्या अंदाजावरून नव्हे.