पोकळ अवजारांचा हिशेब

दिवाळी आटोपली की आपल्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनची गर्दी सुरू होते. थंडीत डोळा लवकर बरा होतो, ही समजूत आपण कितीही खोडून काढली तरी पेशंट पावसाळाभर थांबतात आणि मग एकदमच येतात. जिल्हा रुग्णालय असो, ट्रस्टचे हॉस्पिटल असो की शिबिरातून पेशंट आणणारी संस्था, सगळीकडे याद्या लांबतात. यादी लांबली की पहिला ताण येतो तो सर्जनवर नाही, ट्रे धुणाऱ्या माणसावर. म्हणून या महिन्यात फेको मशीन आणि नव्या लेन्स बाजूला ठेवून हातातल्या अवजारांविषयी लिहीत आहोत.

ही अवजारे आपण इतक्या सवयीने हातात घेतो की त्यांच्यामागचे हात विसरतो. स्पेनमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये कॉर्निया बसवणाऱ्या कॅस्ट्रोव्हिएहोंना पेनसारखा धरता येईल असा नीडल होल्डर हवा होता. सिन्स्की यांना लेन्स फिरवून जागेवर बसवण्यासाठी हूक हवा होता. मदुराईच्या डॉ. जी. वेंकटस्वामींची बोटे तर संधिवाताने वाकडी झाली होती. त्या बोटांना धरता येतील अशी अवजारे घडवून घेऊन त्यांनी लाखाच्या घरात शस्त्रक्रिया केल्या, आणि 1976 मध्ये 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले.

अरविंदचे नाव दुसऱ्या कारणानेही घ्यायला हवे. तिथल्या फेको शस्त्रक्रियेच्या कार्बन उत्सर्जनाचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या तुलनेत ते अवघे 5 टक्क्यांच्या आसपास निघाले. त्यामागे एक मोठे कारण होते, अवजारे आणि साहित्य पुन्हा वापरण्याची पद्धत. पाश्चात्त्य देशांत एका डोळ्यामागे पिशवीभर प्लास्टिक कचऱ्यात जाते आणि आपल्याकडे जात नाही, याची लाज वाटण्याचे काही कारण नाही. पण या अभ्यासाचा आधार घेऊन 'आपण सगळेच पुन्हा वापरतो, काही होत नाही' असे म्हणणारे व्यावसायिक मित्र अलीकडे भेटू लागले आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण आहे. पुन्हा वापरण्याच्या बाबतीत भरीव अवजार आणि पोकळ अवजार यांना एकच नियम लावता येत नाही.

भरीव अवजार जे आहे ते दाखवते. स्पेक्युलम, कॉलिब्री, मॅक्फर्सन, व्हॅनास, चॉपर हे सगळे मायक्रोस्कोपखाली धरा, घाण दिसते, गंज दिसतो, 0.12 मिलिमीटरचे दात एकमेकांत बसतात की नाही तेही दिसते. नीट धुतले, सलाइनमध्ये भिजत ठेवले नाही, टोकांना टोपी घालून सिलिकॉनच्या मॅटवर ठेवले, तर चांगले स्टील वर्षानुवर्षे चालते. टायटॅनियम हलके, न गंजणारे आणि चुंबकत्व न धरणारे, त्यामुळे फोर्सेप्ससाठी उत्तम. धार मात्र ते स्टीलसारखी धरत नाही, म्हणून कात्रीसाठी जास्त पैसे मोजण्याआधी विचार करावा. भरीव अवजारांविषयी याहून फारसे सांगण्यासारखे नाही.

पोकळ अवजाराचे तसे नाही. सिमको कॅन्युला घ्या. एसआयसीएस करणाऱ्याचा सगळा भार या दोन नळ्यांवर असतो. एकीतून पाणी आत जाते, दुसरीच्या 0.3 मिलिमीटरच्या छिद्रातून कॉर्टेक्स बाहेर येतो. वीज नको, मशीन नको. पण केस संपल्यावर त्या नळीत कॉर्टेक्सचे कण आणि व्हिस्को उरतात, अर्ध्या तासात वाळतात आणि बाहेरून अवजार लखलखीत दिसत राहते. पुढे साध्या, व्हॅक्यूम नसलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये नळीतली हवा अडकून बसते आणि वाफ आतपर्यंत पोहोचेलच याची खात्री राहत नाही.

निर्जंतुक झाले तरी काम संपत नाही. अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये सकाळी भरलेले पाणी अनेक ठिकाणी संध्याकाळपर्यंत तेच असते. त्यात ग्राम-निगेटिव्ह जिवाणू वाढतात. ऑटोक्लेव्ह जिवाणू मारतो, त्यांचे एंडोटॉक्सिन नाही. जे मुळात जिवंतच नाही ते मरणार कसे? ते नष्ट करायला 250 अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते, आणि आपले ऑटोक्लेव्ह 121 किंवा 134 अंशांवर चालतात. एन्झाइमयुक्त डिटर्जंटचा राहिलेला अंशही या तापमानाला पूर्ण निष्प्रभ होत नाही. म्हणजे इंडिकेटर पट्टीचा रंग बदललेला, नोंदवहीत सही झालेली, आणि तरीही नळीत डोळ्याला पुरेसे विष.

याचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढताना दिसतो. कॉर्निया लिंबसपासून लिंबसपर्यंत सुजलेला, चेंबरमध्ये फायब्रिन, कधी हायपोपियॉन. पेशंट मात्र फारसे दुखत नाही म्हणतो. हा टास. सहसा 12 ते 48 तासांत दिसतो, कल्चर निगेटिव्ह येते आणि स्टेरॉइडने बहुतेक डोळे सावरतात. सगळे सावरत नाहीत. आणि एकाच यादीतले तीन-चार डोळे असे निघाले की एंडोफ्थाल्मायटिस आहे की टास, हे ठरवताना भल्याभल्यांची झोप उडते. शंका असेल तिथे एंडोफ्थाल्मायटिस धरूनच पावले उचलावी लागतात, हे वेगळे सांगायला नको.

आमचे मत स्पष्ट आहे. हायड्रोडिसेक्शनच्या आणि व्हिस्कोच्या बारीक कॅन्युला एकदा वापरून टाकून द्याव्यात. लेन्सच्या किमतीपुढे त्यांची किंमत नगण्य आहे आणि तिथे वाचवलेला पैसा एका टासच्या केसमध्ये निघून जातो. सिमको मात्र फेकणे बहुतेकांना परवडणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. मग निदान केस संपताच, व्हिस्को ओला असतानाच, ती दोन्ही नळ्यांतून धुवावी. शेवटचे धुणे निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरने असावे आणि ते पाणी सिंकमध्ये सोडावे; त्याच वाटीतून पुन्हा ओढून तेच पाणी फिरवण्याची पद्धत सर्रास दिसते, ती बंद व्हायला हवी. नंतर हवा मारून नळी कोरडी करावी. सिमकोची सिलिकॉन ट्यूबही याच नियमात येते, तिला सगळे विसरतात.

हे सारे करायला वेळ लागतो, आणि नेमका तोच नोव्हेंबरात नसतो. चाळीस केसेसची यादी, सिमको सहा, आणि दोन केसेसच्या मध्ये घाईची छोटी सायकल, असा प्रकार चालतो. यादी किती लांब करायची हे पेशंटच्या गर्दीवर किंवा सर्जनच्या वेगावर ठरवू नका. पूर्ण धुऊन, पूर्ण सायकल होऊन किती सिमको दिवसभरात टेबलावर येऊ शकतात, ते आधी मोजा. तो आकडा यादीचा. ऑपरेशन दहा मिनिटांत होते म्हणून सफाईही दहा मिनिटांत होत नाही, हे संस्थेच्या विश्वस्तांना समजावणे सर्जनचे काम आहे. ओटी असिस्टंटला ते सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट या हंगामापासून करता येईल. प्रत्येक सिमकोवर क्रमांक कोरून घ्या आणि लेन्सचे स्टिकर चिकटवतो त्याच पानावर तो लिहा. उद्या काही बिघडले तर कोणत्या नळीने किती डोळे धुतले गेले हे पाच मिनिटांत कळेल.

वाचकांनी आपापल्या ओटीतली पोकळ अवजारे धुण्याची लेखी पद्धत आम्हाला पाठवावी. लेखी पद्धत नसेल तर आधी ती लिहून काढावी, आणि ती प्रत्यक्ष धुणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्यावी. टासचे अनुभवही कळवा. हॉस्पिटलचे नाव न देता आम्ही ते छापू.