आईने कोणते पुस्तक वाचावे?

गेल्या वर्षी पालकसभा आटोपल्यावर नववीतील एका मुलीच्या आईने आम्हांस बाजूस घेऊन, कोंकणीतच, एक प्रश्न केला. स्त्रियांच्या स्थितीविषयी काही धडाचे वाचावयाचे आहे. परंतु घरची मंडळी म्हणतात, हे सारे खूळ विलायतेहून आले. तर आरंभ कोठून करावा? त्या वेळी आम्ही उत्तर दिले ते घाईचे होते. येथे सावकाश देतो.

विलायतेचे नाव घेणाऱ्यांस एकच साल सांगावे: १८८२. सिमोन द बोव्हार यांचा 'द सेकंड सेक्स' हा गाजलेला ग्रंथ १९४९ चा. त्याच्या ६७ वर्षे आधी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेस अर्भकहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा ठोठावण्यात आली. पुढे ती सौम्य झाली. परंतु त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून अवघ्या स्त्रीजातीवर ताशेरे झडू लागले. ताराबाईंनी लेखणी उचलली ती तेव्हा. जे दोष स्त्रीच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, आणि विधवेस पुनर्विवाहाची बंदी घातली कोणी, हा त्यांचा रोख. भाषा अशी तिखट की वाचणाऱ्या पुरुषास घाम फुटावा! जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू उचलून धरली. पुढे मात्र पुस्तक विस्मृतीत गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. ९३ वर्षे! एवढ्या काळात आमच्या आज्या अक्षरे शिकल्या, आया मॅट्रिक झाल्या, आणि बहुतेकींच्या कानी हे नावही पडले नाही. हा दोष वाचणाऱ्यांचा खास नव्हे.

तथापि आरंभ या पुस्तकाने करू नये, असे आमचे मत आहे. जुनी भाषा नवख्या वाचकास अडखळविते. आधी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्यावीत. लग्नानंतर लिहावाचावयास शिकलेली ही बाई. पती ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्यामागे डोळे मिटून गेली नाही, काही वर्षे वेगळी राहिली आणि आपला निर्णय आपण केला. वाद कोठेच घातलेला नाही, हसू मात्र पानोपानी येते. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणी त्याच वाटेवरच्या. शिकणाऱ्या सुनेस घरच्याच बायकांची बोलणी कशी खावी लागत, ते त्यांत आहे. नोकरी करणाऱ्या थोरल्या बहिणींनी विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' वाचावे. १९३३ साली मालतीबाई बेडेकरांना हे लिहिण्यासाठी टोपणनावाआड जावे लागले, आणि तरीही गदारोळ झालाच. त्यानंतर ताराबाईंकडे यावे.

त्या बाईंनी शाळेच्या कपाटातून 'स्मृतिचित्रे' नेली. मुदत संपली तरी पुस्तक आले नाही. मुलीकडे चौकशी करता समजले, आईचे वाचून झाले. आता ते शेजारच्या घरी गेले आहे, आणि तेथून मावशीकडे जावयाचे आहे. दंड आम्ही भरला.