अंकुश हवा, पण कोणाच्या हाती?

१४ मे २०२२ रोजी नवी मुंबईतील कळंबोली पोलीस ठाण्याबाहेर अभिनेत्री केतकी चितळे यांच्यावर शाई आणि अंडी फेकण्यात आली. शरद पवार यांच्यावर टीका करणारी, दुसऱ्याने लिहिलेली कविता त्यांनी फेसबुकवर टाकली होती. ठाणे पोलिसांनी त्यांना अटक केली. राज्यभरात वीसहून अधिक गुन्हे नोंदले गेले. त्या तुरुंगातून बाहेर आल्या तेव्हा चाळीस दिवस उलटले होते.

त्या ओळी सुसंस्कृत अभिरुचीला धरून नव्हत्या, हे निःसंकोच मान्य करावयास हवे. परंतु अभिरुचीचा अभाव हा चाळीस दिवसांच्या कारावासाचा अपराध होऊ शकतो काय?

हा दोष एकाच पक्षाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न विचारणारी पालघरची एक तरुणी आणि त्या मजकुराला केवळ पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली होती. पालघरच्या वेळी मौन बाळगणारे कळंबोलीच्या वेळी स्वातंत्र्याची भाषा बोलू लागले, आणि पालघरच्या वेळी गहिवरलेले कळंबोलीच्या वेळी मूग गिळून बसले. या आरशात आपणही आपला चेहरा पाहिला पाहिजे.

आर्थिक फसवणूक, बालकांचे शोषण, दहशतवादी कारस्थाने यांच्यासाठी इंटरनेट मोकळे रान ठरू नये, याविषयी दुमत नाही. मात्र घाईत आणि संदिग्ध शब्दांत केलेला कायदा चोराला सोडून संन्याशालाच पकडतो. २६/११ नंतर, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने चर्चेविनाच माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ हे कलम घातले. ‘त्रासदायक’ मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद! त्रास कोणाला, हे ठरवणार कोण? २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. तरीही पोलीस ठाण्यांतून त्याचा वापर सुरूच असल्याचे पाहून २०२१ मध्ये याच न्यायालयाला तीव्र आश्चर्य व्यक्त करावे लागले.

स्वातंत्र्याइतकाच खासगीपणाचा प्रश्न गंभीर आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. २०२१ च्या नियमांनी मात्र आदेश होताच संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याचे बंधन मोठ्या संदेशसेवांवर घातले. एका पत्राचा लेखक हुडकण्यासाठी टपालातील प्रत्येक पाकिटावर खूण करण्यासारखेच हे आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कंपन्यांना शिस्त लावली, हे स्वागतार्हच. पण सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभाही सरकारने स्वतःकडे ठेवली आहे. कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागावयाची?

आणीबाणीत वृत्तपत्रांची पाने सेन्सॉरच्या टेबलावरून जात होती. तो अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांनी तरी एक कसोटी सोडू नये. कोणताही कायदा आज आपल्या मित्राच्या हाती कसा शोभतो, हे पाहू नये. उद्या तो प्रतिपक्षाच्या हाती गेल्यावर आपल्याला कसा वाटेल, हे पाहावे. सत्ता येते-जाते, कायद्याचे कलम मात्र मागे उरते. म्हणून शब्द नेमके हवेत, पाळतीला न्यायालयाची पूर्वपरवानगी हवी आणि अधिकाराचा गैरवापर करणाऱ्यास शिक्षाही हवी. अंकुश हवाच, पण माहुतालाही कोणीतरी जाब विचारणारा असला पाहिजे.