स्टेंटची गोळी परस्पर बंद करू नका

भातकापणीला शेतात उतरणारा, बागेतला पाचोळा ओढणारा रत्नागिरीकर फुरसं या सापाला चांगला ओळखून असतो. जांभ्याच्या गडग्यात, कातळावरच्या दगडाखाली ते दडून असतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनं या जिल्ह्यात फुरसं मारण्यावर बक्षीस लावलं होतं, इतका त्याचा सुळसुळाट. ते चावलं की रक्त गोठेनासं होतं, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त येऊ लागतं.

त्याच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं छोटं प्रथिन असतं. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात त्या त्यांच्या अंगावरच्या एका रिसेप्टरमुळे. एकिस्टॅटिन नेमकं तिथेच जाऊन बसतं. पण तेवढ्यावर ते थांबत नाही, इतर पेशींवरचे त्याच जातीचे रिसेप्टरही धरतं. संशोधकांनी त्याच्या चिकटणाऱ्या टोकाची नक्कल करून, मुख्यतः प्लेटलेटचाच रिसेप्टर धरेल असा लहानसा रेणू घडवला. तो टिरोफिबान. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हार्ट अटॅकच्या काही रुग्णांना तो शिरेतून देतात आणि बंद केल्यावर काही तासांत त्याचा परिणाम ओसरतो.

हे सांगायचं कारण, तुमच्या डब्यातल्या गोळ्याही अशाच एकेका जागी काम करतात. क्लोपिडोग्रेल प्लेटलेटवरचा पी-टू-वाय-ट्वेल्व्ह हा रिसेप्टर कायमचा बंद करतं. टिकाग्रेलॉर तिथेच काम करतं, पण सुटून येतं, म्हणून ते दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. अ‍ॅस्पिरिन रिसेप्टरला हातच लावत नाही. प्लेटलेट ज्या रसायनानं इतर प्लेटलेटना हाक मारते, ते रसायन तयार होणंच थांबवतं. वॉरफरिनचा तर प्लेटलेटशी संबंध नाही. तेव्हा शेजाऱ्यालाही ‘रक्त पातळ होण्याची’ गोळी चालू आहे म्हणून त्याच्याकडची मागून घेऊ नका. आणि डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या असतील तर एक जास्तीची समजून गाळू नका.

स्टेंट नवा असताना या गोळ्या सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. त्यात जीव जातो. दाढ काढायची असली तरी स्वतःहून बंद करू नका. दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा, ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलतील. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणू नका, ते अ‍ॅस्पिरिनच्या आड येतं आणि पोटात रक्तस्रावही करतं. अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करते. त्याऐवजी कोणती घ्यायची ते विचारून घ्या. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि अशा गोळ्या चालू असताना फुरसं चावलंच, तर जागा कापण्यात, आवळून बांधण्यात वेळ न घालवता सरकारी रुग्णालयात जा आणि पोचल्याबरोबर गोळ्यांची नावं सांगा.

चाकरमान्यांनो, गणपतीला गावी येताना मोदकाच्या साच्याआधी गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, चार-पाच दिवसांच्या जास्तच. गाडी रखडते, मुक्काम वाढतो. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरातल्या एकाला तरी पाठवून ठेवा. एखादी गोळी राहिली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका, नेहमीच्या वेळेला नेहमीचीच घ्या.