पाळणाघराची पिशवी : पालकांनी काय द्यायचं, पाळणाघराने काय ठेवायचं?



जूनमध्ये शाळा सुरू होतात तेव्हा आमच्या केंद्रातल्या कुणा ना कुणा बाईंची बाळंतपणाची रजा संपत आलेली असते. मग फोन येतो, "ताई, सोमवारपासून बाळाला पाळणाघरात ठेवतेय. पिशवीत काय काय देऊ?"

प्रश्न साधा आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही. बाळाला काय लागतं ते कळलं, पण ते आणायचं कोणी? आपण की पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवशी ठरलं नाही तर काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. म्हणून हा लेख.

माझी चूक

माझी मुलगी सात महिन्यांची असताना मी तिला रत्नागिरीत आमच्याच आळीतल्या एका काकूंकडे ठेवायला लागले. शाळा लांजा तालुक्यात. सकाळी आठच्या एसटीने निघायचं आणि संध्याकाळी सहापर्यंत परतायचं. काकूंकडे आणखी तीन मुलं होती. महिन्याला दीड हजार रुपये ठरले. बाकी काहीच ठरलं नाही. "लागेल ते बघू," असं मीही म्हटलं आणि त्याही म्हणाल्या.

जुलै आला. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत, वाळले तरी कुबट वास जात नाही. मी पिशवीत कपड्यांचे दोनच जोड देत होते. एका संध्याकाळी पाहते तर माझी लेक कुणा दुसऱ्याच बाळाच्या झबल्यात, खाली जुन्या साडीचा तुकडा बांधलेला आणि मांड्यांवर लाल पुरळ. मी चिडले. नको ते बोलले. काकू काहीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं. मी दिलेले डायपर महिन्याच्या मध्यालाच संपले होते. काकूंनी दोनदा स्वतःच्या पैशांनी पुडा आणला. तिसऱ्यांदा हात आखडला, म्हणून साडीचा तुकडा. "तुम्ही मागितले का नाहीत?" मी विचारलं. सून म्हणाली, "बाईंकडे मागायला त्यांना लाज वाटली."

मी दिलेल्या दीड हजारातून काकू माझ्याच मुलीचे डायपर आणत होत्या आणि वर माझी बोलणी खात होत्या. पाळणाघर चालवणाऱ्या बहुतेक बायका अशाच असतात. त्या आपल्या ओळखीतल्या, शेजारच्या असतात, म्हणून मागत नाहीत. आणि आपण पैसे देतो म्हणून विचारत नाही. न ठरलेल्या गोष्टींचा भार शेवटी सगळ्यात कमी कमावणाऱ्या बाईवर पडतो, आणि त्रास बाळाला होतो.

माझं मत

तेव्हापासून मी एकच नियम सांगते. जे एकट्या आपल्या बाळाच्या अंगाला आणि पोटाला लागतं, ते पालकांनी द्यायचं. जे सगळ्या मुलांना मिळून लागतं आणि जागेला लागतं, ते पाळणाघराने ठेवायचं.

असं का? कारण बाळाच्या अंगाला काय लावायचं आणि पोटात काय जाऊ द्यायचं हा निर्णय आईबाबांचा आहे. निर्णय आपला, तर वस्तूही आपली. आणि जागा स्वच्छ, सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी काकूंची, तर त्याचं सामान त्यांचं. हे डोक्यात ठेवलं की यादी आपोआप लागते.

अंगाला लागणारं

कपड्यांचे किमान चार जोड, पावसाळ्यात सहा. लंगोट किंवा डायपर. दोन दुपटी, टोपरं, पांघरूण, ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी. पुरळासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं मलम. मलमाची डबी एकाच बाळाची असावी, कारण एकाच डबीत बोट घालून चार मुलांना लावलं की एकाचा संसर्ग दुसऱ्याला होतो. प्रत्येक वस्तूवर धाग्याने किंवा पक्क्या शाईने नाव घाला. नाव नसेल तर चार घरची झबली एकाच दोरीवर सारखीच दिसतात.

डायपर पूर्ण दिवसाला चार धरा. मी आता सगळ्यांना सांगते की महिन्याचा नको, आठवड्याचा साठा सोमवारी द्या आणि काकूंना सांगा, चार उरले की निरोप द्यायचा. संपल्यावर नव्हे, संपायच्या आधी.

पोटाला लागणारं

इथे जास्त काळजी हवी. आपली बाळंतपणाची रजा १८० दिवसांची. खाजगी नोकरीत २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. म्हणजे दोन्हीकडे साधारण सहा महिने. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि मग वरचं अन्न सुरू करायचं, असं डॉक्टर सांगतात. याचा अर्थ बघा. बाळ पाळणाघरात जातं आणि त्याच्या तोंडी पेजेचा पहिला चमचा लागतो, हे दोन्ही एकाच सुमाराला होतं.

म्हणून अन्न पालकांनीच द्यावं, असं मी ठामपणे म्हणते. एका घरात आठव्या महिन्यात मासा कुस्करून देतात, दुसऱ्या घरात अंडंही चालत नाही. एखाद्या बाळाला एखादी गोष्ट सोसत नाही. हे सगळं काकूंनी कसं ओळखायचं? नवीन पदार्थ आधी दोन-तीन दिवस घरी देऊन बघा, सोसला तरच पिशवीत घाला. नाचणीचं सत्त्व, भाताची पेज, मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं एवढं पुरे. एक वर्षापर्यंत मध अजिबात नको, चाटणापुरताही नको. त्यातून लहान बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते. घरी आजी बाळगुटी उगाळत असतील, तर ती पाळणाघरात पाठवू नका. कुणी किती वेढे उगाळायचे ही जबाबदारी दुसऱ्याच्या हातात देण्यासारखी नाही.

आईचं काढलेलं दूध द्यायचं असेल तर झाकणाच्या स्वच्छ भांड्यात, वर वेळ लिहून द्या. ते २५ अंश तापमानाला ४ तासांपर्यंत टिकतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोली त्याहून बरीच गरम असते, तेव्हा ते फ्रिजमध्येच हवं. म्हणजे फ्रिज पाळणाघराचा, दूध आपलं. ते थेट गॅसवर तापवायचं नाही. भांडं कोमट पाण्यात ठेवायचं. बाळाने उष्टावलेलं उरलं तर दोन तासांनंतर टाकून द्यायचं. पावडरीचं दूध असेल तर डब्यावर उघडल्याची तारीख लिहा आणि किती पाण्याला किती चमचे ते डब्यावर छापलंय तसंच करायला सांगा. डबा पुरवायचा म्हणून एक चमचा कमी घालणं म्हणजे बाळाला अर्धपोटी ठेवणं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. धुवायला सोपा आणि कोपऱ्यात दूध साचत नाही.

औषध

औषध पालकांचंच आणि तेही लिहून दिल्याशिवाय नाही. एक उदाहरण सांगते. तापाच्या पॅरासिटामॉलच्या थेंबांमध्ये साधारणपणे १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २५. थेंब चौपट तीव्र! "ताप आला तर ते गुलाबी औषध द्या" असं दारातून ओरडून सांगणं किती धोक्याचं आहे, बघा. बाटली, प्रमाण, वेळ, सगळं कागदावर हवं. आणि देण्याआधी फोन हवाच.

पाळणाघराने ठेवायचं ते

पाळणा किंवा गाद्या, मच्छरदाणी, उकळलेलं पाणी, हात धुवायचा साबण, फरशी पुसायचं औषध, भांडी उकळायची सोय, फ्रिज, प्रथमोपचार पेटी, वीज गेल्यावर लागणारा दिवा. खेळणीही त्यांचीच, पण रोज धुता येतील अशी आणि गिळता येणार नाहीत एवढी मोठी. घरचं महागडं खेळणं पिशवीत घालू नका. तिथे ते चार जणांचं होतं आणि मग भांडण मुलांचं नाही, आयांचं होतं.

"सगळं आम्हीच द्यायचं, मग काकू पैसे कशाचे घेतात?" असं एका पालकांनी मला विचारलं होतं. काकू पैसे घेतात दहा तास डोळ्यांत तेल घालून बसण्याचे. डायपरचे नाही. उलट एखाद्या पाळणाघराला डायपर आणि खाऊ आपणच द्यायचा असेल, तर त्यांनी फीमध्ये तसं स्पष्ट सांगून जास्त पैसे घ्यावेत. तेही चालेल. न सांगता दोघांनी गृहीत धरणं तेवढं चालणार नाही.

ज्यांना पिशवी भरता येत नाही त्यांचं काय?

माझ्या नियमातली ही अडचण मला मान्य आहे. आपण पगारदार, आपल्याला सहा जोड देता येतात. पण मिरकरवाड्यात मासळी विकणारी किंवा काजू कारखान्यात रोजावर जाणारी आई एवढं कुठून आणणार? तिच्या बाळाला "पिशवी अपुरी आहे" म्हणून परत पाठवायचं का?

आपण डी.एड.ला बालशिक्षणाचा इतिहास शिकलो, तो इथे उपयोगी पडतो. १९०७ मध्ये मारिया माँटेसरींनी रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा तिथे नियम लावलेले होते. फी नाही, पण मुलाला वेळेवर, स्वच्छ करून, अंगावर एप्रन घालून पाठवायचं, ही जबाबदारी आईची. आईने आठवड्यातून एकदा तरी बाईंशी बोलायचं, हाही नियमच.

माँटेसरींच्या विचारांवर काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि तिथल्या पाड्यांवर त्यांना वेगळंच दिसलं. मुलं स्वच्छ करून पाठवा म्हणायला घरात पुरेसं पाणी नाही, कपडे नाहीत, आई मजुरीवर. मग ताराबाई आणि अनुताई वाघ मुलांच्याच अंगणात गेल्या. मुलांची स्वच्छता हा शिकवण्याचाच भाग झाला. महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या शंख-शिंपल्यांची, पानांची साधनं झाली. पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवली, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली मोठी बहीण शाळेत येणार कशी?

मला यातून एवढंच कळतं की यादी करताना पालकाची परिस्थिती बघायची आणि बाळाची गरज मात्र कमी करायची नाही. म्हणून प्रत्येक पाळणाघरात एक राखीव कपाट असावं. बाळांचे कपडे तीन-चार महिन्यांत आखूड होतात. ते धुऊन तिथे द्यावेत. जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि लंगोट करून द्यावेत. ज्याला लागेल त्याने न विचारता घ्यावं. शासनाच्या 'पाळणा' योजनेतल्या केंद्रांत मुलांचा आहार केंद्राकडूनच असतो. घरगुती पाळणाघराला तसा आधार नाही, तिथे तो आधार बाकीच्या पालकांनी व्हावं.

कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. पण आपल्या दोनशिक्षकी शाळांत पन्नास माणसं कुठून आणायची? आपलं बाळ शेजारच्या काकूंकडेच असणार. मग त्यांच्याशी नीट ठरवणं आपल्याच हातात आहे.

एक पान लिहा

पहिल्या दिवसाच्या आधी, चहा घेता घेता, काकूंसोबत बसून एक पान लिहा. वर बाळाचं नाव, दोघांचे फोन, डॉक्टरांचा फोन. डाव्या बाजूला "आम्ही देऊ", उजव्या बाजूला "काकू ठेवतील". खाली "न चालणारे पदार्थ" आणि "संपत आलं तर कोणाला सांगायचं". तिथे आईचंच नाव का असावं? सोमवारची पिशवी भरणं हे बाबांचं काम ठरवून बघा, जमतं!

मी त्या प्रसंगानंतर काकूंची माफी मागितली, डायपरचे पैसे दिले. आधी त्या घेईनात, सुनेनेच घ्यायला लावले. मग आम्ही असं एक पान लिहून त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. माझी मुलगी आता सहावीत आहे. परवा काकूंकडे गेले होते, तर दाराला पान होतंच. माझं नव्हे, आता तिथे असलेल्या बाळांचं. त्यावर काकूंनी एक ओळ जास्तीची घातली होती : "मागायला लाजू नये. दोघांनीही."