इंजिनाचं माहेर



आयसेलिनच्या मेट्रोपार्क स्टेशनवर न्यूयॉर्कची गाडी पकडताना मी अजूनही इंजिनावर शेडचं नाव शोधतो. दिसतं ते फक्त कंपनीचं नाव आणि नंबर.

आपल्याकडे इंजिनाच्या अंगावर कल्याण, भुसावळ, अजनी, पुणे असं मूळ शेडचं नाव रंगवलेलं असतं. भारतभर फिरलं तरी ते इंजिन कुणाचं, हे कोणालाही कळतं. किरकोळ तपासणी दुसऱ्या शेडमध्येही होते, पण ठरलेल्या मोठ्या देखभालीसाठी इंजिन माहेरीच परततं.

परवा मुलाला हे सांगितलं, तर म्हणाला, "बाबा, आपली शेड कुठली?"

दादा म्हणतोय, कल्याणचं घर विकून टाकू. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय केलंत, जरूर लिहा.